विक्लोतला पंचनामा

आई गेली त्या वर्षीच्या डिसेंबरात बाबा आमच्याकडे आयर्लंडला आले. आधी कितीतरी महिने नाहीच म्हणत होते. मग एका रविवारी फोनवर आपणहून म्हणाले, "तू म्हनतच आहे इतकं, तं येतो मी." फोन ठेवल्याबरोबर मी तिकिटं शोधायला बसले, त्यांचा विचार बदलायच्या आत.

तेव्हा आम्ही डब्लिनच्या पश्चिमेला क्लोनडॉकिनमध्ये राहायचो. मी आणि नवरा, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, दोघांचीही ऑफिसं जवळच्याच बिझनेस पार्कात. घर भाड्याचं, मधली एक भिंत सामाईक असलेली दोन घरं असतात तसलं. मागे दोन्ही घरांना एकेक गवताचा तुकडा आणि मधे कमरेएवढं लाकडी कुंपण. बाबांना तीन महिन्यांचा व्हिसा मिळाला होता. मला वाटलं होतं, जागा बदलली की बाबा पुन्हा बोलायला लागतील.

माझे बाबा म्हणजे वनखात्यातले निवृत्त रेंजर. सगळी नोकरी मेळघाटात आणि त्याच्या आजूबाजूला झाली. माझं लहानपण फॉरेस्टच्या क्वार्टरांत गेलं. ते फाटकापाशी बोलले की स्वयंपाकघरातली भांडी वाजतात, असं आई म्हणायची. आई गेली आणि तो आवाजच बंद झाला. विचारलं तर उत्तर द्यायचे. जेवलात का? जेवलो. थंडी वाजते का? नाही. सकाळी आम्ही कामावर निघालो की ते पुढच्या खोलीत खिडकीशी खुर्ची ओढून बसायचे, ते आम्ही परत येईपर्यंत तिथेच. बाहेर आमच्या कॉलनीतला रिकामा रस्ता आणि ओळीने लावलेल्या गाड्या. "इथं मानसं राह्यतात का?" एवढं एकदा त्यांनी विचारलं होतं. चार वाजले की अंधारून यायचं, आणि बाबांनी दिवा लावला असेल की तसेच काळोखात बसले असतील, या विचाराने मला ऑफिसात काम सुचायचं नाही.

ते आल्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारची गोष्ट. मी पोळ्या करत होते. बाबा पाय मोकळे करायला मागच्या अंगणात गेले होते. एकदम दार उघडून आत आले. माकडटोपी हातात, चेहरा लालबुंद.

"पोलिसले फोन लाव."

"काय झालं बाबा?"

"बाजूच्याच्या शेडमंदी हरीण लटकून राह्यलं. सोललेलं. शिंगं खाली ठेवून देली. मी काई आंधळा आहो का? लाव फोन!"

इतकी वाक्यं त्यांनी आल्यापासून सलग बोलली नव्हती. मी तव्यावरची पोळी तशीच सोडून त्यांना समजवायला लागले, की इथे बहुतेक चालतं, इथले कायदे वेगळे असतात. खरं तर मलाही काही माहीत नव्हतं. तोवर त्यांनी जिन्याखालचा फोन उचलून शंभर नंबर फिरवलासुद्धा. इथे पोलिसांचा नंबर तो नाही. फोन नुसताच टूंटूं करत राहिला आणि माझा जीव भांड्यात पडला. कारण आमचा शेजारी फार भला माणूस होता. साठीच्या पुढचा, आयुष्यभर शहरात बस चालवून नुकताच रिटायर झालेला. आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात आमचा बॉयलर बंद पडला, तेव्हा न बोलावता येऊन त्यानं तो चालू करून दिला होता. त्याच्या दारात पोलीस पाठवायचे म्हणजे मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"मंग मीच जातो," असं म्हणून बाबा माकडटोपी चढवून निघाले. मी पाठोपाठ.

शेजारी शेडमध्ये रबरी एप्रन बांधून उभा होता. बाबा कुंपणापाशी ताठ उभे राहिले आणि खात्यातल्या इंग्रजीत त्यांनी विचारलं, "हा प्राणी आपण कोणत्या परवानगीने मारला?"

शेजाऱ्यानं सुरी खाली ठेवली. "तुम्ही नॅशनल पार्कवाल्यांपैकी आहात का?"

"होतो. इंडियात. रेंजर."

तो हसेल अशी मला भीती होती. तो हसला नाही. त्यानं हात पुसले, घरात गेला आणि बंदुकीचा परवाना आणि हरणाच्या शिकारीचं लायसन्स, दोन्ही घेऊन आला. बाबांनी चष्मा लावून उभ्या उभ्या सगळं वाचलं. मग प्रश्न सुरू झाले. जागा कुणाची? एका मेंढपाळ शेतकऱ्याची, डब्लिनच्या दक्षिणेला विक्लोच्या डोंगरात. त्याची संमती आहे? आहे, त्याशिवाय लायसन्सच मिळत नाही. रात्री दिवा टाकून मारता का? अजिबात नाही, त्याला बंदी आहे. मी मधे मधे "सॉरी हं" म्हणत होते, आणि दोघांपैकी कुणीच माझ्याकडे लक्ष देत नव्हतं.

"आणि वर्षभर मारता?"

"नाही हो. नर मारायचा तो सप्टेंबरपासून डिसेंबर संपेपर्यंत. एक जानेवारीला त्याला हात लावायचा नाही. मादीचा हंगाम नोव्हेंबरात उघडतो आणि थंडी सरताना बंद होतो. त्यानंतर उन्हाळाभर कुणालाच नाही."

"मादीचा उशिरा काहून?" बाबा तंद्रीत मराठीतच बोलले आणि मग त्यांनी ते इंग्रजीत विचारलं.

"सप्टेंबर-ऑक्टोबरात पिल्लू अजून दूध पीत असतं. आई मेली तर तेही मरेल. नोव्हेंबरपर्यंत ते चरायला लागतं."

बाबांनी कागद परत दिले. घरात आले, खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "मानूस खोटं नाही बोलून राह्यला."

त्या दिवशी संध्याकाळी शेजारी आमच्या दारात आला, फॉइलमध्ये गुंडाळलेले सॉसेज घेऊन. बाबांनी हात जोडले. "शिकारीचं मटण मी जिंदगीभर जप्त केलं," ते म्हणाले, "खाल्लं कधीच नाही." मी भाषांतर केलं. शेजाऱ्याला ते इतकं आवडलं की तो आत येऊन बसला आणि आलं घातलेला चहा पिऊन गेला.

त्यानंतर त्या दोघांचं कुंपणावरून बोलणं सुरू झालं. आधी पाच मिनिटं, मग अर्धा अर्धा तास. मी ऑफिसातून आले की बाबा खिडकीशी नसायचे. मागच्या दारातून आवाज यायचा. बाबांचं इंग्रजी कागदोपत्रीचं, शेजाऱ्याचं डब्लिनच्या गल्लीतलं, आणि दोघांचंही एकमेकांना अर्धंच कळायचं, पण त्यानं काही अडायचं नाही. वाद मात्र खरे व्हायचे.

"मारायचंच आहे, तं मंग नियम कशाले?" बाबा मला विचारायला सांगायचे.

"आमच्याकडे लांडगे होते, ते शेकडो वर्षांपूर्वी संपले," शेजारी म्हणायचा. "आता हरणांना खाणारं कुणी नाही. ती वाढतात, शेतकऱ्याचं गवत खातात, नवी झाडं सोलतात, आणि मग हिवाळ्यात उपाशी मरतात. कुणीतरी कमी करायला हवीतच."

"म्हनजे तुम्ही वाघाची ड्यूटी करता."

"तसंच समजा."

"वाघाले लायसन्स लागत नाही," बाबा म्हणाले, आणि स्वतःच हसले. मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले. कितीतरी महिन्यांनी त्यांना हसताना ऐकत होते.

जानेवारीच्या शेवटी शेजाऱ्यानं विचारलं, येता का डोंगरात? शेतकऱ्याला एक-दोन माद्या अजून कमी करून हव्या होत्या. बाबा दोन दिवस विचार करत होते. मग म्हणाले, "मी बंदुकीले हात लावनार नाही. निशाना धरला तं तोंड फिरवून घेईन. पन जंगल पाह्यतो." शनिवारी सकाळी मी त्यांना दशम्या, थर्मासात चहा आणि बीपीच्या गोळ्या बांधून दिल्या. बूट शेजाऱ्याचे, मोठे होत होते म्हणून आत मोज्यांचे दोन जोड. गाडीत बसताना त्यांनी आरशात बघून टोपी सारखी केली. मी दारात उभी राहून हात हलवला आणि घरात आले. घर रिकामं होतं, आणि तेच किती छान वाटत होतं. मी आणि नवरा दुपारी दोन तास झोपलो.

"पाचपर्यंत घरी," शेजारी सांगून गेला होता. अंधार पडला की बंदूक गुंडाळून ठेवायची, हा त्याचा नियमच होता. पाच वाजले, साडेपाच झाले. मी त्याच्या मोबाइलवर फोन लावला, लागेना. डोंगरात रेंज नसते, नवरा म्हणाला. बाहेर बारीक गारांचा पाऊस सुरू झाला होता. सहाला मी शेजाऱ्याच्या बायकोकडे गेले.

ती टीव्ही बघत होती. "ग्रँड असतील गं ते," ती म्हणाली. इथे ग्रँड म्हणजे भव्य वगैरे काही नाही, ठीक असणं म्हणजे ग्रँड. "माझ्या नवऱ्याला आजवर वेळेवर परत येणं जमलेलं नाही." तरी माझा चेहरा बघून ती माझ्याबरोबर आमच्याकडे आली. येताना स्वतःच्या टीबॅग घेऊन आली, कारण आमचा उकळलेला चहा तिच्या घशाखाली उतरत नसे. साडेसहापर्यंत ती मला आपल्या नवऱ्याच्या उशिरा येण्याच्या गमती सांगत होती. मग तिनंच उठून शेतकऱ्याच्या घरी फोन लावला. मी तिचं तोंड बघत होते.

"चारलाच निघाले म्हणतोय," फोन ठेवून ती म्हणाली. "काही न मारताच."

तिथून क्लोनडॉकिन तासाभराची वाट. अडीच तास झाले होते. त्यानंतर तिनं एकही गंमत सांगितली नाही. फडकं घेऊन ती आमच्या किचनमधले प्रेस, म्हणजे इथल्या बोलीत कपाटं, आतून पुसायला लागली. नवऱ्यानं गाडीची किल्ली घेतली, नकाशा उघडला आणि तसाच उभा राहिला, कारण विक्लोत जायचं म्हणजे नेमकं कुठल्या रस्त्यानं, ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर गाडी दरीत गेलेली दिसत होती. बाबांनी दुपारची गोळी घेतली असेल का? छातीत दुखायला लागलं आणि कुणाला कळलंच नाही तर? मीच पाठवलं होतं त्यांना, हौसेनं दशम्या बांधून.

मला आई आठवली. बाबा गस्तीवर असले आणि उशीर झाला की आई क्वार्टरच्या ओट्यावर सूप घेऊन ज्वारी निवडत बसायची. निवडून झालेली ज्वारी पुन्हा निवडायची. मी विचारायचे, आई, बाबा कधी येणार? ती म्हणायची, येतील ना, कुठं जातात. मला तेव्हा खरंच वाटायचं की तिला काळजी वाटत नाही. तस्करांच्या टोळ्या असायच्या, ठासणीच्या भरमार बंदुका असायच्या, एकदा तर बाबांच्या जीपवर दगडफेक झाली होती. इतकी वर्षं ती बाई त्या ओट्यावर कशी बसली असेल, हे मला त्या दिवशी किचनच्या फरशीवर उभं राहून पहिल्यांदा कळलं.

"मी पोलिसांना कळवते," शेजारीण म्हणाली आणि तिनं फोनकडे हात नेला, तेवढ्यात तोच वाजला. मी झडप घालून उचलला.

पलीकडे अनोळखी आवाज. "मी विक्लोतल्या गार्डा स्टेशनमधून बोलतोय. आपले वडील आमच्याकडे आहेत."

गार्डा स्टेशन म्हणजे पोलीस ठाणं. मी जिन्याच्या पायरीवर बसले. जिवंत आहेत, हे आधी मनात आलं. आणि लगेच दुसरं, पकडलंय त्यांना. व्हिजिटर व्हिसावर बंदुकीबरोबर सापडले. आता काय, डिपोर्ट करणार, आमच्या वर्क परमिटचं काय? हे सगळं एका श्वासात. मग फोनवर खरखर झाली आणि बाबांचा आवाज आला. फाटकापाशी बोलले की भांडी वाजवणारा तो आवाज.

"हॅलो! मी ठान्यातून बोलून राह्यलो."

"ठाण्यातून? बाबा, काय झालं? तुम्ही बरे आहात ना?"

"मले काय होते? पंचनामा चालू आहे. तुमी जेवून घ्या."

आणि फोन ठेवला.

मी ते वाक्य नवऱ्याला सांगितलं. तो खाली बसून हसायला लागला. शेजारीण विचारत होती, काय, काय म्हणाले? पंचनाम्याला इंग्रजीत काय म्हणायचं ते मला सुचेना. "दोघंही ग्रँड आहेत," मी म्हटलं. तिनं हातातलं फडकं सिंकमध्ये टाकलं, खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. रडून झाल्यावर तिनं आमचा उकळलेला चहा मागितला, साखर जास्त घालून.

ते आले तेव्हा साडेआठ होत आले होते. गुडघ्यापर्यंत चिखल, नाक लाल. मी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही, पण बाबांना बघितलं आणि तोंड सुटलंच. फोन करता येत नाही का, पाच वाजल्यापासून आम्ही इथे काय काय मनात आणलं, तुम्ही आता सरकारी नोकरीत नाही, हे कळतं का तुम्हाला? बाबा शांतपणे बुटाच्या नाड्या सोडत होते.

"काहून ओरडून राह्यली? मी काई लहान पोट्टं आहो का? बस इथं. सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. दिवसभर ते दोघं एका उतारावर पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपाआड बसले होते. माद्या दिसल्या, पण दूर, आणि मागे रस्ता होता म्हणून शेजाऱ्यानं गोळी झाडली नाही. हे सांगताना बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. चारला निघाले. झाडीतून खाली येणाऱ्या कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी एक व्हॅन उभी होती, आणि दोन माणसं दोरीला बांधून काहीतरी ओढत होती.

"मी पाह्यलं तं शिंगं. ही एवढी. मी याले म्हनलं, अरे, हा तं नर आहे! नराचा सीझन संपला ना बाप्पा डिसेंबरात!"

शेजारी म्हणाला, "मला त्याचं बोलणं काही कळलं नाही, पण तो चालत्या गाडीचं दार उघडायला लागला तेव्हा अर्थ कळला." त्यानं बाबांची बाही घट्ट पकडून ठेवली. त्यांच्याकडे बंदुका आहेत, तो म्हणाला, खाली उतरायचं नाही, सरळ पुढे जायचं. बाबांनी ऐकलं. पण पुढे जाता जाता त्यांनी व्हॅनचा नंबर वाचला. लिहायला हाताशी काही नव्हतं. म्हणून खालच्या गावात पोचेपर्यंत ते तो मोठ्यानं म्हणत राहिले, मराठीत, पाढ्यासारखा.

"मला वाटलं, प्रार्थना करतोय," शेजारी म्हणाला. "मी रेडिओसुद्धा बंद केला."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आयर्लंडमध्ये पोलिसाला गार्ड म्हणतात. आणि बाबांच्या खात्यात गार्ड म्हणजे वनरक्षक, रेंजरच्या हाताखालचा माणूस. त्यामुळे ठाण्यातला पोरसवदा पोलीस "मी इथला गार्ड" असं म्हणाला तेव्हा बाबांनी खुर्ची ओढून घेतली आणि त्याला कामाला लावलं. तो आधी म्हणत होता की सोमवारी कळवतो. बाबा म्हणाले, सोमवारपर्यंत मटण विकलं जाईल. वन्यजीव खात्याचा माणूस कोण आहे, त्याला आत्ता बोलवा. शेजारी सांगत होता, तो गार्ड दोनदा "येस सर" म्हणाला, आणि दुसऱ्यांदा म्हणताना त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

अर्ध्या तासात एक बाई आली, हिरवं जाकीट घातलेली. ती त्या भागातली वन्यजीव रेंजर. "मी म्हनलं, तू बी रेंजर, मी बी रेंजर," बाबा म्हणाले. "हात मिळवला तिनं." मग सगळे टॉर्च घेऊन परत त्या कच्च्या रस्त्यावर गेले. रक्त कुठे सांडलंय, कोथळा कुठे टाकलाय, चाकांच्या खुणा कुठे वळल्यात, हे बाबांनी आणि त्या बाईनं मिळून शोधून काढलं. गार्डानं फोटो घेतले. ठाण्यात परत येऊन दोघांचे जबाब झाले. व्यवसाय काय, असं विचारल्यावर बाबांनी सांगितलं, रेंज फॉरेस्ट ऑफिसर, रिटायर्ड. गार्डानं ते तसंच टाइप केलं. आणि मग कुठे त्यांना आठवलं, की घरी फोन करायचा राहिला.

"माह्या ध्यानातच नाही आलं," बाबा मला म्हणाले. आवाज जरा खाली आला होता. "नोकरीत असतानी कधी फोन केला आपन? तुही आई काई म्हनायची नाही."

"म्हणायची नाही, बाबा. पण तिला वाटायचं."

त्यांनी बूट उचलून दाराशी ठेवले. मला वाटलं, आपण उगाच बोललो, आता पुन्हा ते मिटून जातील. पण ते मान हलवत म्हणाले, "हो. ज्वारी निवडत बसायची ना. मले मालूम होतं. फाटकातून दिसायची मले." आणि मग ते आईबद्दल बोलायला लागले. चिखलदऱ्याच्या क्वार्टरमधलं अस्वल, तिनं परातीवर उलथनं बडवून हाकललेलं, एका गार्डाच्या बायकोचं बाळंतपण तिनं कंदिलाच्या उजेडात केलेलं. आई गेल्यापासून त्यांनी तिचं नावही काढलं नव्हतं. शेजारी आणि त्याची बायको तिथेच बसून होते, एक शब्द न कळता, पण उठले नाहीत. माझ्या नवऱ्यानं सगळ्यांना वरण-भात वाढला. बाबांनी तीनदा भात घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या रेंजरबाईचा फोन आला. व्हॅन तिच्या ओळखीची निघाली. रात्रीतच एका आवारात ती सापडली, आत नर, एक नाही, दोन. बाबा फोनवर तिला पंधरा मिनिटं प्रश्न विचारत होते. मी पलीकडच्या खोलीत इस्त्री करत होते आणि मला एवढं सुखाचं वाटत होतं की झालेल्या कपड्यांनाच मी पुन्हा इस्त्री केली.

मार्चमध्ये बाबा परत गेले. अमरावतीला घर बंद होतं, ते उघडून, जाळी झाडून राहायला लागले. मला भीती होती की एकटे पडल्यावर पुन्हा तसंच होईल. झालं नाही. खात्यातल्या जुन्या मित्रांकडे जायला लागले, सकाळी फिरायला जाऊ लागले, आणि एकदा तर नव्या भरतीच्या पोरांसमोर बोलायला गेले. काय बोललात, मी विचारलं. "हंगामाबद्दल सांगतलं," म्हणाले. "त्यायले म्हनलं, आपल्याकडं बारा महिने बंदी आहे तं काम सोपं आहे. तिकडच्या रेंजरले कॅलेंडर पाहून पकडा लागते."

केस उभी राहिली ती शरद ऋतूत. शेजाऱ्यानं कुंपणावरून मला सांगितलं, व्हॅनवाल्या दोघांनीही गुन्हा कबूल केला. दंड झाला, बंदुका जप्त झाल्या, लायसन्स गेलं. मी सुटले, कारण साक्षीसाठी बाबांना बोलावतात की काय, पुन्हा व्हिसा, पुन्हा थंडी, पुन्हा प्रवास, हे माझ्या डोक्यावर टांगलेलंच होतं. त्याच संध्याकाळी मी अमरावतीला फोन केला.

बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. दंड किती, बंदुका कुठल्या, नराची शिंगं कुणाकडे ठेवली, सगळं विचारलं.

"म्हनजे साक्ष नाही लागली."

"नाही बाबा. कबूल केलं ना त्यांनी. तुम्हाला यावं लागणार नाही. बरं झालं की नाही?"

"बरं झालं," बाबा म्हणाले. "पन मी आलो असतो. कोट धुऊन ठेवला होता."